वय शंभरावर, घेर मुठीएवढा

दिवाळीच्या सुट्टीत माझा एक जुना विद्यार्थी घरी येऊन गेला. पीयूसीला तो आमच्या कॉलेजात होता आणि भाषा विषय म्हणून त्याने मराठी घेतले होते. घरी कन्नड, शाळा मराठी, हा आपल्या भागातला नेहमीचाच नमुना. पुढे तो शिरसीला वनशास्त्र शिकला आणि आता फिनलंडमध्ये झाडांची वजने करतो. ‘वजने करतो’ हे त्याचेच शब्द. येताना त्याने मुलांसाठी चॉकलेटे आणि माझ्यासाठी लाकडाची एक चकती आणली होती.

चकती केवढी, तर फुलपात्राच्या बुडाएवढी. आमच्या सासूबाईंनी ती हातात घेऊन उलटीपालटी केली आणि विचारले, “इदु याव गिडा?” पाइनचे झाड आहे, तिकडच्या दलदलीतले, असे त्याने कन्नडातून सांगितले. “वय ओळखा पाहू, अज्जी.” सासूबाई म्हणाल्या, “आपल्या परसातला शेवगा तीन वर्षांत एवढा होतो. हे चार वर्षांचं असेल.”

मग भिंग आले, टाचणी आली आणि वर्तुळे मोजण्याचा कार्यक्रम सुरू झाला. थंड देशांत झाड वर्षाला एक वर्तुळ धरते, हे आपण शाळेत शिकलेले असतो. पण ही वर्तुळे इतकी दाट की दोन रेषांमध्ये टाचणीचे टोकही मावेना. मुलाचे १२१ आले, मुलीचे १३४. मी चष्मा पुसून तिसऱ्यांदा मोजले तेव्हा १२७ आले. पाहुणा शांतपणे चिवडा खात होता. शेवटी म्हणाला, “मॅडम, तिघांचंही कमी आलंय.” कमी का, ते त्याने त्या दिवशी सांगितले नाही. ते नंतर फोनवर कळले, आणि मीही तुम्हाला जरा पुढेच सांगणार आहे.

वाचकहो, मी मराठी शिकवणारी बाई. झाडांचे शास्त्र हा माझा प्रांत नव्हे. पण ती चकती महिनाभर टेबलावर राहिली आणि डोके खात राहिली. शंभरावर वर्षे जगलेले झाड मुठीत मावते, हे कसे? आणि झाड जितके जुने तितके मोठे, हा आपला साधा हिशेब तिकडे चुकतो तरी कुठे? गेल्या काही आठवड्यांत त्या मुलाला फोन करकरून जे समजले, ते आज लिहिते आहे.

आधी ती जागा डोळ्यांसमोर आणू या. भूगोलाच्या पुस्तकात आपण ‘तैगा’ किंवा ‘सूचिपर्णी अरण्ये’ असे वाचलेले आहे. स्कँडिनेव्हियापासून सैबेरियापर्यंत आणि पुढे अलास्का-कॅनडापर्यंत पृथ्वीच्या डोक्याला फेट्यासारखा गुंडाळलेला हा जंगलाचा पट्टा. त्यात मोठमोठ्या दलदली आहेत. हिमयुगाचे बर्फ वितळून मागे सरले, खोलगट जागी पाणी साचले, आणि त्या पाण्यात स्फॅग्नम नावाचे एक शेवाळ वाढू लागले. हे शेवाळ आपल्या सुक्या वजनाच्या पंधरा-वीस पट पाणी धरून ठेवते. खालचा भाग मरतो, वरचा वाढत राहतो. मेलेला भाग कुजावा, तर थंडी, आंबट पाणी आणि प्राणवायूचा अभाव यांमुळे तो धड कुजत नाही. थरावर थर साचत जातात. त्यालाच पीट म्हणतात. कोळशाचे प्रकार पाठ करताना ‘पीट, लिग्नाइट, बिट्युमिनस, अँथ्रासाइट’ अशी आपण जी माळ घोकत होतो, तिच्यातला हा पहिला मणी. नर्सरीतून कुंडीसाठी आपण जे कोकोपीट आणतो, त्याच्या नावातला पीटही हाच. नारळाच्या सोडणाचा भुसा याच्या जागी वापरता येतो म्हणून त्याला हे नाव पडले.

पीटचा थर वर्षाला मिलिमीटरभर वाढतो, पुष्कळदा त्याहूनही कमी. पण तो गेली आठ-दहा हजार वर्षे वाढतो आहे, त्यामुळे काही ठिकाणी माणूस उभा बुडेल इतका जाड आहे. जगातल्या जमिनीच्या तीन टक्क्यांच्या आसपास जागा पीटची, पण जगातल्या सगळ्या जंगलांच्या झाडांत मिळून जेवढा कार्बन आहे त्याहून जास्त कार्बन या तीन टक्क्यांत गाडलेला आहे. हा आकडा पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी त्याला परत सांगायला लावला.

फिनिश भाषेत दलदलीला ‘सुओ’ म्हणतात. शिवाय स्प्रूस झाडे असलेली दलदल ती ‘कोर्पी’, पाइनची ती ‘रॅमे’ आणि उघडी, झाडे नसलेली ती ‘नेवा’. ज्याच्याशी रोजचा संबंध त्याला माणूस चार नावे देतो. आपण दलदल, पाणथळ, चिखलाण म्हणतो, कन्नडात जौगु म्हणतात, खाऱ्या पाण्याच्या जमिनीला कोकण-गोव्याकडे खाजण म्हणतात. पण पीटला आपल्याकडे शब्द नाही, कारण ती वस्तूच आपल्या अंगणात नाही. म्हणून मी पीटच म्हणते आहे.

आता झाडाचे पाहा. मुळांनाही श्वास घ्यावा लागतो. पीटमध्ये पाणी जवळजवळ पृष्ठभागापर्यंत असते आणि त्या पाण्यात प्राणवायू नसल्यात जमा. म्हणून मुळे खोल जाऊच शकत नाहीत. वरच्या वीत-दीड वीत थरात ताटासारखी पसरतात. पाणी तिथे झाडाच्या अक्षरशः मुळावर येते. त्यात अन्नद्रव्ये थोडी, उन्हाळा तीन-चार महिन्यांचा, आणि शेवाळाच्या गादीखाली जमीन जूनमध्येही गार. आपल्याकडे तिलारीच्या बाजूला, दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डे येथे रानजायफळांची पाणथळ राई आहे (२०२१ मध्ये तिला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला). तिथे झाडांनी वाकवलेल्या गुडघ्यासारखी मुळे चिखलाबाहेर काढलेली दिसतात, हवा घ्यायला. उत्तरेकडच्या पाइन आणि स्प्रूसला ही युक्ती साधलेली नाही. ती नुसती कळ काढतात. शंभर वर्षांत दोन-तीन पुरुष उंची आणि मनगटाएवढे खोड, एवढीच त्यांची कमाई.

माझा विद्यार्थी मोजतो ती हीच कमाई. इंग्रजीत बायोमास, पुस्तकी मराठीत जैवभार. साध्या शब्दांत सांगायचे तर झाडाचे सुके वजन. ओल्या लाकडात निम्म्याच्या आसपास पाणीच असते, म्हणून पाणी सोडून मोजायचे. काही झाडे मुळासकट काढतात, खोड, फांद्या, पाने, मुळे वेगळी करतात, भट्टीत वाळवतात आणि वजन आणखी उतरेनासे झाले की नोंद करतात. उरते त्याच्या निम्म्याच्या आसपास कार्बन असतो. अर्थात मोजण्यासाठी सगळे जंगल तोडता येत नाही. म्हणून थोड्या झाडांवरून सूत्र बसवतात: जमिनीपासून १.३ मीटरवर खोडाचा व्यास इतका आणि उंची इतकी, तर वजन साधारण इतके. मग पुढे फक्त टेप घेऊन फिरायचे. आपल्या आया पिठात हात घालून ‘एवढ्यात बारा भाकऱ्या होतील’ म्हणत, तसेच हे, फक्त आकडेमोड करून. मुळांचे काम मात्र किचकट. केसासारखी मुळे पीटच्या गोळ्यातून चिमट्याने वेचायची. “मॅडम, तांदूळ निवडायची सवय इथे कामाला येते,” असे त्याचे म्हणणे.

आता वयाचा प्रश्न. राई जसजशी जुनी होते तसतसा तिचा जैवभार कसा बदलतो, हे पाहायचे तर शंभर वर्षे एकाच जागी बसून राहावे लागेल. तेवढे आयुष्य कोणाला आहे? म्हणून शास्त्रज्ञ एक तोड काढतात. शाळेच्या मैदानावर पहिलीपासून दहावीपर्यंत प्रत्येक वर्गातला एकेक मुलगा ओळीने उभा करा. एकही मूल वाढताना न पाहता मूल दहा वर्षांत कसे वाढते याचा अंदाज येतो. जंगलात हेच करायचे. पाच वर्षांपूर्वी जळलेली राई, वीस वर्षांपूर्वी जळलेली, पन्नास, ऐंशी, शंभर वर्षांपूर्वीची, अशी ओळ लावायची. या पद्धतीतला दोषही तुमच्या लक्षात आला असेल: प्रत्येक मूल वेगळ्या घरचे आहे. एकाला दूधतूप मिळाले, दुसऱ्याला नाही. तेव्हा निष्कर्ष काढताना जरा हात राखूनच काढावा लागतो.

कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात वाबास्का नावाच्या भागात केलमन वीडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशी ओळ लावली. दहा दलदली, आगीला एक वर्ष झालेलीपासून १०२ वर्षे झालेलीपर्यंत (हे २००२ चे वय, निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले). झाड मुख्यतः काळा स्प्रूस. याची शंकूसारखी फळे बरीचशी मिटलेली राहतात आणि आगीच्या धगीने उघडून बी सांडतात. त्यामुळे आगीनंतरची सगळी झाडे साधारण एका वयाची असतात आणि ‘राईचे वय’ या शब्दाला अर्थ येतो.

त्यांना दिसले ते असे. आग लागून गेल्यावर पहिली बारा-तेरा वर्षे ती जागा कार्बन घेत नाही, उलट हवेत सोडते. वर्षाला चौरस मीटरमागे शंभरेक ग्रॅमपासून सुरुवात होते. तेराव्या वर्षाच्या सुमाराला पारडे फिरते, पण ते झाडांमुळे नव्हे. शेवाळ आणि झुडपे आधी सावरतात. झाडांचा वाटा नंतर येतो. त्यातही आधी बारीक मुळे. त्यांच्या वाढीचा जोर चौतिसाव्या वर्षाच्या आसपास सर्वांत जास्त. खोड, फांद्या आणि जाड मुळे यांच्या वाढीचा कळस थेट चौऱ्याहत्तराव्या वर्षाला. त्या सुमाराला ती दलदल वर्षाला चौरस मीटरमागे सुमारे २२० ग्रॅम कार्बन बांधते. मग जोर ओसरतो. शंभराव्या वर्षी तो १२० ग्रॅमवर येतो. आणि त्या भागात सरासरी १२०-१२५ वर्षांनी आग परत येते, म्हणजे पुढचे म्हातारपण पाहायला बहुतेक राया उरतच नाहीत.

आपल्याकडे सागवान वा निलगिरी लावणाऱ्याला विचारा. चौऱ्याहत्तराव्या वर्षी झाड भरात येते म्हटले तर तो हसेल. पण मला यात सर्वांत लक्षात राहिली ती मुळांची गोष्ट. जमिनीवर काही विशेष दिसत नसताना, तिशी-पस्तिशीत, झाड खाली खर्च करत असते. फक्त वरचे मोजणाऱ्याच्या वहीत हा खर्च कधीच चढत नाही.

बरे, आग आलीच नाही तर? त्याचे उत्तर कॅनडाच्याच पूर्वेकडे, ओंटारिओ आणि क्विबेक प्रांतांच्या सीमेवरच्या चिकणमातीच्या पट्ट्यात मिळते. हिमयुगाच्या शेवटी तिथे ओजिब्वे नावाचे प्रचंड सरोवर होते. त्याच्या तळाचा गाळ म्हणजे ही जमीन. हवा दमट, आगी विरळ. तिथे दोनशे वर्षांहून अधिक काळ न जळलेल्या राया सापडतात. आपल्या समजुतीप्रमाणे त्या सर्वांत घनदाट असायला हव्यात. प्रत्यक्षात पहिली शंभरेक वर्षे जैवभार चढतो आणि मग उतरू लागतो. कारण या सगळ्या काळात शेवाळ रिकामे बसलेले नसते. त्याची गादी जाड होत जाते, पाणी वर चढते, जमीन गार पडते, मुळे अन्नाच्या मातीपासून तुटून गादीत अडकतात. जुनी झाडे एकेक करून पडतात. त्यांच्या जागी येणारी खुरटी राहतात. जंगल विरळ होत होत दलदलीच्या स्वाधीन होते. झाडांचा भार कमी होतो आणि जमिनीतला साठा वाढत जातो.

इथे आणखी एक गंमत आहे. गंमत म्हणवत नाही, पण दुसरा शब्द सुचत नाही. आग जेवढी कडक, शेवाळाची गादी मातीपर्यंत जाळून टाकणारी, तेवढी पुढची राई दाट आणि उंच. वरवरची, सौम्य आग लागली तर गादी शिल्लक राहते आणि नवी झाडे जन्मापासूनच अशक्त निघतात. जमिनीला धक्का न लावता, हलक्या हाताने केलेल्या तोडीचेही तेच. गादी तशीच राहते. म्हणजे झाडांचे भले पाहायचे तर जमिनीतला साठा जाळावा लागतो आणि साठा जपायचा तर झाडांनी खुरटे राहायचे. दोन्ही एकाच वेळी पदरात पडत नाही.

आता आमची चकती. काळ्या स्प्रूसच्या खालच्या फांद्या वाढत्या शेवाळाखाली गाडल्या जातात, त्यांना मुळे फुटतात आणि तिथून नवे झाड उभे राहते. पाइनला ते जमत नाही. पण त्याचेही बूड वर्षानुवर्षे शेवाळात बुडतच जाते. जे आपल्याला जमिनीलगतचे खोड वाटते ते मुळात जमिनीपासून कितीतरी वर असते. झाडाची पहिली वर्षे खाली, पीटमध्ये गाडलेली. माझ्या विद्यार्थ्याने चकती शेवाळाच्या पृष्ठभागाजवळ कापली होती. झाड तिथवर पोचण्याआधी जितकी वर्षे गेली, तेवढी वर्तुळे या चकतीत नाहीतच. म्हणून तिघांचेही कमी. वय नीट काढायचे तर शेवाळ उकरून, जुन्या बुंध्यापर्यंत जाऊन कापावे लागते. मूळ आणि खोड जिथे भेटतात ती खरी जागा कोणती, यावरच त्यांच्यात वाद होतात म्हणे.

शिवाय फिनलंडमधल्या नैसर्गिक दलदलीत आजोबा, बाप, नातू सगळे एकत्र नांदतात. क्वचित जळणाऱ्या जागी दीडशे वर्षांचे पाइन आणि वीस वर्षांचे पाइन शेजारी उभे असतात. तेव्हा राईचे वय म्हणजे कोणाचे वय? एकत्र कुटुंबाचे वय काय, असे विचारल्यासारखे ते होते. फिनलंडच्या वनशास्त्रज्ञांनी म्हणूनच पुष्कळ ठिकाणी झाडाचे वय सोडून दुसरे वय धरले आहे: चर खणून किती वर्षे झाली.

हे चरांचे प्रकरण सांगितल्याशिवाय विषय पुरा होणार नाही. फिनलंडच्या जमिनीपैकी जवळजवळ एक तृतीयांश मुळात दलदल. दुसऱ्या महायुद्धानंतर देशाला लाकूड आणि कागद विकून उभे राहायचे होते. दलदलीत झाडे आहेत पण वाढत नाहीत. पाणी काढले तर वाढतील. हे गणित कोणालाही पटण्यासारखे होते. सरकारने पैसा पुरवला, यंत्रे आली, आणि विशेषतः १९६० आणि ७० च्या दशकांत तीस-चाळीस मीटरवर एकेक चर असे करत त्यांनी देशातल्या निम्म्याहून जास्त दलदलीतले पाणी काढले. सुमारे ५० लाख हेक्टर. म्हणजे आपल्या बेळगाव जिल्ह्याएवढे जवळजवळ पावणेचार जिल्हे.

आणि गणित बरोबर आले! शंभर वर्षे मनगटाएवढी राहिलेली झाडे चर खणल्यावर काही वर्षांतच तरारली. चकतीवर ते अगदी स्पष्ट दिसते म्हणे: दाट, दाट, दाट वर्तुळे आणि मग एकदम रुंद. झाडे वाढली की ती स्वतःच पाणी ओढू लागतात, त्यामुळे जमीन आणखी सुकते. पुरेशी दाट राई झाली की चर बुजले तरी फारसे बिघडत नाही. आज फिनलंडच्या जंगलांच्या वार्षिक वाढीतला जवळजवळ पाव हिस्सा या पाणी काढलेल्या दलदलींतून येतो.

फक्त हिशेबाचे दुसरे पान कोणी उघडले नव्हते. पाणी उतरले, तशी हजारो वर्षे न कुजलेल्या पीटला हवा लागली आणि ते कुजू लागले. जमीन खचू लागली, कार्बन हवेत जाऊ लागला. दक्षिण फिनलंडमध्ये लाक्कासुओ नावाची दलदल आहे. १९६१ मध्ये तिच्या साधारण अर्ध्या भागात चर खणले गेले आणि उरलेला अर्धा भाग तसाच राहिला. त्यामुळे शास्त्रज्ञांना आयतीच तुलना मिळाली. अशा जागांवरच्या मोजमापांतून कळले ते एका वाक्यात बसणारे नाही. जिथे पीट निकस आहे तिथे नुकसान थोडे. काही ठिकाणी तर चर खणल्यावरही जमिनीने थोडी भरच टाकली. जिथे पीट सकस, तिथे झाडे जोमाने वाढली पण जमिनीने वर्षानुवर्षे कार्बन गमावला. उलट बाजूने, ओल्या दलदलीतून मिथेन निघतो आणि चर खणल्यावर तो कमी होतो, तेवढे जमेला धरावे लागते. झाडातला कार्बन मात्र झाड उभे आहे तोवरच. तोडले, कागद झाला, की काही वर्षांत तो परत हवेत. २०२१ या वर्षाच्या फिनलंडच्या राष्ट्रीय हिशेबात जंगल आणि जमीन मिळून कार्बन शोषणारे न ठरता सोडणारे ठरले. तोड वाढली, झाडांची वाढ मंदावली आणि पीटची गळती चालूच होती, ही त्याची कारणे.

माझा विद्यार्थी ज्यांच्याकडे भाड्याने राहतो ते आजोबा ऐंशीच्या पुढचे आहेत. तरुणपणी त्यांनी वडिलांबरोबर स्वतःच्या दलदलीत चर खणले होते. रविवारी ते त्याला तिकडे घेऊन जातात आणि दोन हातांच्या कवेत मावणार नाही असे पाइन दाखवतात. “हे सगळं माझ्या नातवासाठी,” म्हणतात. नातू शहरात असतो आणि त्याला ते चर बुजवायचे आहेत, पाणी परत चढवायचे आहे. घरात त्यावरून बोलणे होते आणि मग बोलणे थांबते. आमच्या मुलाची तिथे पंचाईत होते, कारण त्याच्या वहीतले आकडे दोघेही आपापल्या बाजूने वापरतात.

हे ऐकून माझी मुलगी म्हणाली, “मग आजोबा चुकले ना?” मला तसे म्हणवत नाही. त्यांनी झाडे मोजली, कारण त्या काळी त्यांना झाडेच मोजायला सांगितली होती. आपल्याकडेही वृक्षारोपण झाले की किती रोपे लावली याचा आकडा वर्तमानपत्रात येतो. त्या जागी आधी काय होते, याची चौकट छापलेली मी तरी पाहिलेली नाही. पण नातूही सरसकट बरोबर आहे असे नाही. निकस पीटवरची वाढलेली राई बुडवून झाडे मारायची, की सकस जागीच आधी पाणी परत आणायचे, हे जागा पाहून ठरवावे लागेल, असे आमच्या मुलाचे मत. माझेही मत आता तेच झाले आहे, अर्थात उसने. आजोबांच्या दलदलीतले पीट सकस की निकस, असे मी विचारले. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “सकस आहे, मॅडम. त्यांना अजून सांगितलेलं नाही.”

चकती आता मी कॉलेजात नेऊन ठेवली आहे. मराठीच्या तासाला लाकडाचा काय संबंध, असे सहकारी विचारतात. पण मुले तासाआधी येऊन टाचणीने मोजत बसतात आणि कोणाचे दोन आकडे जुळत नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात तो शेवाळ उकरून त्याच झाडाच्या बुंध्याची दुसरी चकती पाठवणार आहे. तोवर मी हिच्या मागे कागदाची चिठ्ठी चिकटवली आहे: ‘पाइन, फिनलंड, वय १२७ अधिक’. ‘अधिक’पुढची जागा कोरी ठेवली आहे.